प्रश्नोत्तरे : कॅज्युअल्टीतील पहिली पाच मिनिटे

अपघातात जखमी झालेल्या रुग्णाची तपासणी वैद्यकीय विद्यार्थ्यांना कशी शिकवली जाते आणि कशी शिकवली जावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. काही पत्रांत रुग्णालयांची आणि वरिष्ठांची नावे होती. ती वगळली आहेत. उत्तरे देणारा मी शल्यचिकित्सेचा निवृत्त प्राध्यापक असून, नोकरीची बरीचशी वर्षे सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत इंटर्न मुलामुलींच्या पाठीशी उभे राहण्यात गेली, एवढी ओळख पुरेशी आहे.

प्रश्न : मी एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडून एकच क्रम घोटून घेतला गेला : आधी रुग्णाची हकीकत, मग तपासणी, मग निदान आणि शेवटी उपचार. परीक्षेत हा क्रम चुकला तर गुण जातात. कॅज्युअल्टीत मात्र रेसिडेंट सर म्हणाले, ‘हिस्टरी राहू दे, आधी एअरवे (श्वासमार्ग) बघ.’ मग आम्ही शिकलो ते चुकीचे होते का? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : चुकीचे नव्हते, ते वेगळ्या रुग्णासाठी होते. तीन आठवड्यांचा खोकला घेऊन ओपीडीत आलेल्या माणसापाशी सांगण्यासारखी हकीकत असते आणि तुमच्यापाशी ती ऐकण्यासाठी वेळ असतो. ट्रकची धडक बसलेल्या मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात. त्याला नेमके काय झाले आहे हे कळण्याआधीच तो दगावू शकतो, आणि म्हणून तेथे ‘याला काय झाले आहे?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘याचा जीव आत्ता कशाने जाईल?’ हा प्रश्न पुढे घ्यावा लागतो. श्वासमार्ग बंद असेल तर माणूस काही मिनिटांत जातो, छातीत हवा कोंडली असेल तर त्याहून थोडा वेळ मिळतो, पोटात रक्तस्राव होत असेल तर आणखी थोडा. ए, बी, सी, डी, ई (एअरवे म्हणजे श्वासमार्ग, ब्रीदिंग म्हणजे श्वास, सर्क्युलेशन म्हणजे रक्ताभिसरण, डिसॅबिलिटी म्हणजे शुद्ध, एक्स्पोजर म्हणजे उघडे करून तपासणी) हा क्रम पाठांतराच्या सोयीसाठी असला तरी त्यामागचे गणित हे आहे.

हा क्रम आज सगळीकडे शिकवला जातो, पण तो शिकवण्याची पद्धत एका अपघातातून रुजली. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक स्वतःचे छोटे विमान चालवत असताना ते अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या ग्रामीण भागात शेतात कोसळले. त्यांची पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलांना गंभीर इजा झाल्या, आणि रस्त्यावर एक मोटार थांबवून त्यांनी कसेबसे जवळचे रुग्णालय गाठले. तेथे मिळालेले उपचार पाहून ते हादरले. तिथल्या डॉक्टरांना वैद्यक येत नव्हते अशातला भाग नव्हता. अशा रुग्णाला कोठून सुरुवात करायची हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. पुढे सहकाऱ्यांच्या मदतीने उभा राहिलेला अभ्यासक्रम १९७८ मध्ये नेब्रास्कातच पहिल्यांदा घेतला गेला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आपण ज्याला ‘ए.टी.एल.एस.’ (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) म्हणतो तो हाच. लहान गावातला, मदतीला कोणी नसलेला डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून तो रचला गेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी ती सांगण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष क्रम. रुग्णाच्या डोक्याशी जा, दोन्ही हातांनी मान स्थिर धरा आणि विचारा, ‘नाव काय तुमचं? काय झालं?’ स्पष्ट आवाजात नीट उत्तर आले तर श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास चालतो आहे आणि मेंदूपर्यंत रक्त पोहोचते आहे, या तिन्ही गोष्टी दहा सेकंदांत कळतात. उत्तराऐवजी घरघर, गुळण्या केल्यासारखा आवाज किंवा घोरणे ऐकू आले तर तेथेच थांबायचे, तोंडातले रक्त आणि उलटी ओढून काढायची, जबडा पुढे उचलायचा. ते झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग छाती : उघडी करून बघायची, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही का, ठोकून पाहिल्यावर ती पोकळ वाजते का. एका बाजूला हवा कोंडून रक्तदाब कोसळत असेल तर एक्स-रेची वाट बघायची नसते. प्रौढ माणसात चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे सुई घालून ती हवा सोडायची आणि पाठोपाठ छातीत नळी टाकायची. त्यानंतर रक्ताभिसरण, मग शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या आणि रक्तातील साखर, आणि शेवटी सगळे कपडे काढून पाठीसकट पूर्ण तपासणी, पण लगेच पांघरूण घालून, कारण गारठलेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही. अलीकडे या क्रमाच्याही आधी एक पायरी जोडली गेली आहे : बाहेर दिसणारा, धो धो वाहणारा रक्तस्राव सर्वांत आधी दाबून किंवा पट्टा आवळून थांबवायचा.

हे सगळे पाठ असूनही विद्यार्थी एका जागी हमखास फसतात. रुग्णाचा पाय गुडघ्याखाली उलटा वळलेला असतो, हाड बाहेर आलेले असते, आणि सगळ्यांचे डोळे तिकडे जातात. तेवढ्यात वर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, माणूस घरघरत असतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना अशा पायावर आधी एक हिरवे कापड टाकायला लावत असे. रक्त वाहत असेल तर दाबपट्टी बांधायची, नसेल तर झाकून ठेवायचे, आणि डोक्याकडे जायचे. पुस्तकात असे काही लिहिलेले नाही; पण डोळ्यांना शिस्त लावायची तर त्यांच्यासमोरचे आमिष काढून घ्यावे लागते, असे माझे मत बनले आहे.

हकीकतीबद्दल एवढेच की ती टाळायची नसते, दुसऱ्या कोणाकडून मिळवायची असते. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याला बरेच माहीत असते : हेल्मेट होते का, गाडीवरून किती लांब फेकला गेला, तेव्हा बोलत होता का. हा रिक्षावाला पाच मिनिटांत निघून जातो. म्हणून चमूतल्या एकाने पहिल्याच मिनिटाला त्याच्याकडे जावे. ॲलर्जी, चालू औषधे, जुने आजार, शेवटचे खाणे आणि अपघाताचा प्रकार, एवढ्या पाच गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात इंटर्न आहे. दुचाकी घसरून पडलेला पंचवीस वर्षांचा मुलगा आला. डाव्या बरगड्यांत दुखत होते, पोट मऊ होते. नाडी ११८, श्वास मिनिटाला २८, बी.पी. ११०/८४. मी कागदावर ‘स्टेबल’ असे लिहिले आणि टाके घालायला दुसऱ्या रुग्णाकडे गेलो. तासाभराने त्याचा बी.पी. ७० वर आला. जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, प्लीहा फुटली होती. तो वाचला, पण माझे काय चुकले हे मला कोणी समजावून सांगितले नाही. सगळे फक्त ओरडले. (एक इंटर्न, नांदेड जिल्हा)

उत्तर : ओरडण्याने तुम्हाला काही कळले नसणार, म्हणून आपण ते आकडे पुन्हा वाचू. तुम्ही चार आकडे लिहिले आणि त्यांतल्या एकावरच विश्वास ठेवला. तरुण शरीर रक्त कमी झाले की आधी नाडी वाढवते, त्वचेकडचा आणि हातापायांचा पुरवठा आवळते, आणि वरचा रक्तदाब शक्य तितका वेळ टिकवून धरते. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात पाच लिटर रक्त असते. त्यातले १५ टक्के, म्हणजे पाऊण लिटरपर्यंत गेले तरी बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान नाडी शंभराच्या वर जाते, श्वास वाढतो, वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर कमी होते, पण वरचा आकडा ठीक राहतो. तो आकडा सहसा घसरतो ३० टक्क्यांनंतर, म्हणजे दीड लिटर रक्त गेल्यावर. तुमच्या रुग्णाच्या दोन आकड्यांतले अंतर अवघे २६ होते, नाडी ११८ होती, श्वास २८ होता. त्याचे शरीर काय होते आहे ते सांगत होते. तुम्ही शेवटी बोलणाऱ्या साक्षीदाराची वाट बघत राहिलात.

एक सोपा हिशेब सांगतो. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागा. निरोगी माणसात उत्तर साधारण ०.५ ते ०.७ येते, ते ०.९ च्या पुढे गेले की सावध व्हायचे. तुमच्या मुलाचे आले असते १.०७. हा हिशेब करायला पाच सेकंद लागतात. हात लावून बघायला तर तेवढेही लागत नाहीत : तळवा गार आणि ओला, नखावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ, रुग्ण कारण नसताना चुळबुळ करतो आणि पाणी मागतो. पाणी मागणारा, अस्वस्थ जखमी माणूस ‘घाबरला आहे’ असे म्हणून सोडून देऊ नका.

पोट मऊ होते, हेही तुम्हाला फसवून गेले. ताज्या रक्ताने पोट लगेच ताठरत नाही. रक्त कुठे जाते हे शोधताना आम्ही विद्यार्थ्यांना एक वाक्य पाठ करायला लावतो : ‘जमिनीवर आणि आणखी चार ठिकाणी.’ जमिनीवर, कपड्यांत सांडलेले दिसते. न दिसणारे छातीत, पोटात, कटीच्या हाडांच्या भोवती किंवा मांडीसारख्या लांब हाडाच्या स्नायूंत साठते. एका मांडीचे हाड मोडले तर दीड लिटरपर्यंत रक्त आत मुरू शकते. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या दुखत असतील तर त्यांच्यामागे प्लीहा आहे हे शरीररचनेच्या पहिल्या वर्षात शिकलेले असते. ते तिथून कॅज्युअल्टीत आणण्याचे काम शिकवणाऱ्याचे असते, आणि ते आम्ही नीट केले नाही. सोनोग्राफीचे यंत्र असेल तर हृदयाभोवती, यकृताजवळ, प्लीहेजवळ आणि मूत्राशयामागे अशा चार जागा पाहून रक्त साठले आहे का हे दोन-तीन मिनिटांत समजते. मात्र पहिल्यांदा काही दिसले नाही म्हणजे काही नाही, असे नव्हे. अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

तुमच्या हातात काय होते? दोन हिरवे किंवा त्याहून जाड कॅन्युले (शिरेत घालायच्या नळ्या, रंगावरून जाडी कळते), रक्तगटासाठी नमुना, एक लिटरपेक्षा जास्त सलाईन नाही (त्याने रक्त पातळ होते आणि रुग्ण गारठतो), आणि रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड. या स्वस्त औषधावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ या अभ्यासात जगभरातले वीस हजारांहून अधिक जखमी रुग्ण होते, आणि अपघातानंतर तीन तासांच्या आत दिले तर त्याने मृत्यू कमी होतात असे दिसले. तीन तासांनंतर मात्र ते अपाय करू शकते. मात्रा सोपी आहे : एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी ते आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ठेवलेले असते. अपघाताच्या रुग्णासाठी त्याच कपाटात हात घालायला कोणाची हरकत नसावी. आणि १०८ ला फोन पहिल्या दहा मिनिटांत करायचा. शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी रक्तस्रावावरचा खरा उपचार गाडी हाच असतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. मूल दिसायला ठीकठाक राहते आणि मग एकदम कोसळते. त्याचा वरचा रक्तदाब ‘सत्तर अधिक वयाची दुप्पट’ या आकड्याखाली गेला असेल तर बराच उशीर झालेला असतो. आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या आजोबांची नाडी वाढतच नाही. त्यांची नाडी ८० पाहून खूश होऊ नका. घरच्यांना गोळ्यांचे पाकीट आणायला सांगा. ‘स्टेबल’ हा शब्द मी माझ्या वॉर्डात बंद केला होता. चार आकडे आणि वेळ लिहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा. दोन ओळी एकाखाली एक दिसल्या की उतार आपोआप दिसतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दरवर्षी दीडशे विद्यार्थी असतात आणि सिम्युलेशन लॅब (पुतळ्यांवर सराव करण्याची प्रयोगशाळा) कागदावरच आहे. इंटर्नना कॅज्युअल्टीत जेमतेम दोन आठवडे मिळतात. महागड्या पुतळ्यांशिवाय हे शिकवता येईल का? (एक सहायक प्राध्यापक, विदर्भ)

उत्तर : येईल, आणि माझ्या मते पुतळ्याशिवाय बऱ्याचदा अधिक चांगले येते. पुतळा श्वास घेतो, त्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, हे सारे छानच. पण विद्यार्थ्याला शिकायचे असते ते क्रम, बोलणे आणि परत मागे येणे. यासाठी एक खाट, रुग्ण म्हणून झोपायला तयार असलेला एक विद्यार्थी, एक फळा आणि खडू पुरतात. फळ्यावर मॉनिटरचे चौकोन काढा आणि आकडे तुम्ही स्वतः पुसून बदलत राहा. झोपलेल्या विद्यार्थ्याला एक चिठ्ठी द्या : ‘तिसऱ्या मिनिटाला बोलणे बंद कर.’ लाल रंगाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा एखाद्या बाहीखाली लपवा, जो कपडे काढल्याशिवाय दिसणार नाही.

कौशल्य शिकवताना ब्रिटनमधील शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांची चार पायऱ्यांची रीत मला उपयोगी पडली. पहिल्यांदा शिक्षक ते काम नेहमीच्या वेगाने, न बोलता करतो. दुसऱ्यांदा तो सावकाश, कारणे सांगत करतो. तिसऱ्यांदा विद्यार्थी सांगतो आणि शिक्षकाचे हात त्याच्या सांगण्याप्रमाणे चालतात. चौथ्यांदा विद्यार्थी स्वतः सांगत करतो. आपल्याकडे पहिल्या आणि चौथ्या पायरीवरच काम भागवतात. तिसरी पायरी सर्वांत अवघड जाते, कारण तेथे विद्यार्थ्याच्या डोक्यातला गोंधळ तोंडातून बाहेर येतो. ‘सर, छाती बघा,’ असे तो म्हणाला तर मी शर्टावरून छाती बघत असे आणि थांबत असे. मग त्याला आठवे की कपडे कापायला सांगितलेच नाही.

बोलणे हा दुसरा भाग. विद्यार्थ्याने प्रत्येक निरीक्षण मोठ्याने म्हणायला हवे : ‘श्वासमार्ग मोकळा, रुग्ण बोलतो आहे. डावी छाती कमी हलते.’ सुरुवातीला मुले लाजतात, कुजबुजतात. पण मनातल्या मनात केलेली तपासणी शिक्षकाला दिसत नाही, सहकाऱ्याला ऐकू येत नाही आणि कागदावर उतरत नाही. भाषा कोणती, याचा आग्रह धरू नका. माझ्या वॉर्डात ‘एअरवे क्लिअर, पण श्वास धापा टाकतोय’ असेच चाले, आणि त्यात काही कमी आहे असे मला कधी वाटले नाही.

मात्र मागे येणे हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. तुम्ही फळ्यावर ऑक्सिजनचे प्रमाण ९७ वरून ८४ केले, तेव्हा विद्यार्थी काय करतो, हे बघा. बहुतेक जण मॉनिटरकडे टक लावून उभे राहतात किंवा ऑक्सिजनचा मास्क घट्ट करतात. जो ‘परत ए’ म्हणून डोक्याकडे जातो, त्याला काहीतरी आले आहे. परीक्षेतही हेच मोजायला हवे. ‘ऑस्की’ ही स्थानकांची परीक्षा, म्हणजे विद्यार्थ्याने एकेका टेबलावर ठरलेले काम करून दाखवायचे आणि यादीनुसार गुण मिळवायचे, रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ साली मांडली, ती चांगलीच आहे. पण तिच्या यादीत ‘एअरवे तपासला : एक गुण’ असे लिहिले की विद्यार्थी ते शब्द उच्चारून गुण घेतो आणि पुढे जातो. माझा आग्रह असा की यादीत एक ओळ ‘स्थिती बदलल्यावर पुन्हा सुरुवातीला गेला’ अशी असावी आणि तिला चार गुण असावेत.

दहा मिनिटांच्या प्रसंगानंतर वीस मिनिटे बोलण्यासाठी ठेवा. आधी विद्यार्थ्याला विचारा, त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय चालले होते, मग बघणाऱ्यांना, तुम्ही शेवटी बोला. हीच शिस्त खऱ्या कॅज्युअल्टीतही पाळता येते. शिक्षकाने पायाशी, हात मागे बांधून उभे राहावे. रुग्ण घसरू लागला तर अर्थातच हात सोडायचे आणि स्वतः काम हातात घ्यायचे. घसरत्या रुग्णावर नवखा हात शिकवत बसायचा नसतो. पण जो रुग्ण बोलतो आहे, त्याची पूर्ण पहिली फेरी इंटर्नने, मोठ्याने बोलत, करावी. रुग्णाच्या देखत इंटर्नला फैलावर घेणे मात्र बंद करा. असा पाणउतारा झालेला मुलगा पुढच्या वेळी शंका विचारत नाही, आणि नांदेडच्या पत्रात दिसतो तसा ‘स्टेबल’ लिहून मोकळा होतो.

प्रश्न : मी बावीस वर्षे अपघात विभागात परिचारिका आहे. नवीन डॉक्टर मुले आमचे ऐकत नाहीत. एकाच वेळी चार जण चार ऑर्डरी देतात आणि कोणते इंजेक्शन दिले, कोणते नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. हे त्यांना शिकवतात का? (एक परिचारिका, रत्नागिरी)

उत्तर : सिस्टर, फार थोड्या ठिकाणी शिकवतात, आणि जेथे शिकवतात तेथेही परिचारिकांना बाहेर ठेवून शिकवतात, ही मोठी चूक आहे. चमूत एकच जण बोलणारा असावा. त्याने काम नाव घेऊन सांगावे, ‘कोणीतरी सलाईन लावा’ असे हवेत सोडू नये. ज्याला सांगितले त्याने ते परत म्हणावे आणि झाल्यावर ‘दिले’ असे वेळेसह सांगावे. मुलांना ही सवय लावायला सर्वांत योग्य माणूस तुम्हीच आहात. पुढच्या वेळी चार ऑर्डरी आल्या तर शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, यांतली कोणती आधी?’ एवढ्या एका प्रश्नाने मी स्वतः, तरुण असताना, ताळ्यावर आलेलो आहे.

प्रश्न : मेळघाटात धारणीला असताना डोक्याला मार लागलेल्या एका कोरकू बाईंना मी मराठीतून आणि हिंदीतून तारीख, गाव विचारले. त्या काहीतरी असंबद्ध पुटपुटल्या, म्हणून मी ग्लासगो स्केलवर (शुद्ध मोजण्याच्या मोजपट्टीवर) बोलण्याला पाचपैकी तीन गुण दिले. नंतर त्यांच्या सुनेने सांगितले की त्या अगदी नीट उत्तरे देत होत्या, कोरकूत. (एक इंटर्न, अमरावती जिल्हा)

उत्तर : हे पत्र मी माझ्या वर्गात वाचून दाखवले असते. टीसडेल आणि जेनेट या दोन चेताशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये ग्लासगोत ही मोजपट्टी मांडली : डोळ्यांना चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. डॉक्टर आणि रुग्ण एकच भाषा बोलतात हे त्यात गृहीत आहे, आणि मेळघाटात, गडचिरोलीत किंवा पुण्याच्या बांधकामांवर ते गृहीत धरता येत नाही. नातेवाईक, आशाताई, वॉर्डातली मावशी, जो कोणी ती भाषा बोलतो, त्याला बोलवा. कोणीच नसेल तर स्वतः जीभ बाहेर काढून दाखवा, मूठ उघडून मिटून दाखवा आणि रुग्ण तसे करतो का ते बघा. जे तपासताच आले नाही तेथे गुण देऊ नका, ‘तपासता आले नाही’ असे लिहा. बेरीज कधीही एकटी लिहू नये. तिन्ही आकडे वेगळे लिहावेत, कारण नऊची बेरीज अनेक तऱ्हांनी होते आणि त्यांतले सगळे रुग्ण सारखे नसतात. तोंडाला दारूचा वास येत असला तरी, शुद्ध कमी असण्याचे कारण दारू हे सगळ्यांत शेवटी मानायचे, आधी मेंदूतला रक्तस्राव नाही हे बघायचे, हेही याच पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलाला अपघात झाला तेव्हा रुग्णालयात विद्यार्थी वाटणाऱ्या एका मुलीने त्याची नवी जीन्स सरळ कात्रीने कापली, चौघांनी मिळून त्याला कुशीवर वळवले आणि दर थोड्या वेळाने त्याला नाव विचारत राहिले. रुग्णांवर सराव करतात असे वाटून मला राग आला. शिवाय आणणाऱ्या माणसाला पोलिसांच्या भीतीने पळून जावे लागले. (एक पालक, नाशिक)

उत्तर : तुमचा राग समजतो. अपघातग्रस्त मुलाच्या आईवडिलांशी कोणीतरी दोन वाक्ये बोलायला हवी होती, आणि ते झाले नाही, ही त्या ठिकाणची चूक आहे. पण तुम्ही वर्णन केलेल्या तिन्ही गोष्टी तिने बरोबर केल्या. पॅन्ट ओढून काढली तर मोडलेले हाड आणि मणका हलतो, म्हणून ती शिवणीवरून कापतात. पाठ बघण्यासाठी रुग्णाला वळवायचे तर एक जण डोके आणि मान धरतो, तिघे खांदा, कंबर आणि पाय धरतात, आणि डोके धरणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावरच सगळे एकदम वळवतात. नाव पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे शुद्ध कमी होत नाही ना, हे दर वेळी नव्याने तपासणे. पहिल्यांदा नीट उत्तर दिलेला माणूस अर्ध्या तासाने अडखळला, तर मेंदूत रक्त साठत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

आणणाऱ्या माणसाला मात्र पळण्याचे कारण नव्हते. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की प्रत्येक डॉक्टरने आधी उपचार करायचे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. त्यानुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी एक सवय लावत असे : रुग्ण आणणाऱ्याला हकीकत विचारण्याआधी ‘तुम्हाला नाव सांगावं लागणार नाही’ असे सांगायचे. तेवढ्याने तो थांबतो आणि बोलतो. कापलेल्या जीन्सबद्दल : मेडिको-लीगल (पोलिसांकडे नोंद होणाऱ्या) प्रकरणात ती पुरावा असते, म्हणून कागदी पिशवीत ठेवून, नोंद करून पोलिसांकडे दिली जाते. केसपेपरवर तशी नोंद आहे का, हे तुम्ही रुग्णालयात जाऊन विचारू शकता.